मसल कारचा मागचा रेशो : ३.३१, ३.७३ की ४.१०?

ऑगस्टातल्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉईटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची, त्यातही मोठ्या इंजिनाच्या अमेरिकन ‘मसल कार’ची, जत्रा भरते. बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाडीपाशी पहिला प्रश्न इंजिनाचा असतो. दुसरा हमखास येतो, ‘मागे काय आहे?’ मालक मिशीला पीळ दिल्यासारखा उत्तरतो, ‘फोर-टेन.’ म्हणजे मागच्या एक्सलचा रेशो ४.१०. ऐकणारे मान डोलावतात. हे उत्तर देता यावं म्हणून मीही माझ्या १९७० च्या शेवरलेट शेव्हेल एसएस ३९६ मध्ये ४.१० बसवून घेतला, दोन उन्हाळे सोसला आणि काढला. आज तिथे ३.७३ आहे. मधल्या काळात जो हिशेब शिकलो तो आधी केला असता, तर एक क्राऊन-पिनियनचा सेट आणि दोनदा दिलेली मजुरी वाचली असती.

आकडा म्हणजे काय

मागच्या डिफरन्शियलमध्ये प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला छोटं पिनियन असतं आणि ते मोठ्या क्राऊन व्हीलला फिरवतं. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे रेशो. ४१ दात आणि १० दात म्हणजे ४.१०. ४१ आणि ११ म्हणजे ३.७३. ४३ आणि १३ म्हणजे ३.३१. आकडा जितका मोठा, तितकी चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्टला जास्त गिरकी घ्यावी लागते. पिकअप वाढतो, आणि त्याच वेगाला इंजिन जास्त ओरडतं. आपल्याकडे मोटरसायकलचं मागचं स्प्रॉकेट मोठं घातलं की जे होतं, तेच इथे होतं.

इंग्रजी बोलण्यात ‘उंच गिअर’, ‘खालचा गिअर’ यांचा अर्थ आकड्याच्या उलटा लागतो आणि त्यात भलेभले गोंधळतात. दुकानदाराशी, मेकॅनिकशी बोलताना सरळ आकडाच सांगा.

आधी आहे ते मोजा

गाडी विकणाऱ्याच्या तोंडच्या रेशोवर विश्वास ठेवू नका. पन्नास-पंचावन्न वर्षांत तो एक्सल किती जणांनी उघडला असेल सांगता येत नाही. फोर्डच्या ९ इंची एक्सलला बोल्टखाली पत्र्याची पट्टी असायची, जनरल मोटर्सच्या (जीएम) एक्सलच्या नळीवर कोड ठोकलेला असतो. पण पट्टी आणि कोड हे कारखान्यातून निघतानाचं सांगतात, आज आत काय आहे ते नाही.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मागचा भाग उचलून भक्कम स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर कधीच नाही), गिअर न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक सोडा. शाफ्टवर आणि टायरवर खडूची खूण करा. लिमिटेड स्लिप असेल, म्हणजे एक चाक फिरवलं की दुसरं त्याच दिशेने फिरत असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे फेरे मोजा. साधं डिफरन्शियल असेल तर एक चाक धरून ठेवा आणि दुसरं दोन फेरे फिरवा. तेव्हा कुठे क्राऊनचा एक फेरा पूर्ण होतो. इथे चुकलात तर ३.७३ च्या जागी १.८६ येईल आणि डोकं खाजवत बसाल. एका फेऱ्यावर ३.५५ आणि ३.७३ यांतला फरक डोळ्याला नीट कळत नाही, म्हणून दहा फेऱ्यांचं मोजून दहाने भागा. झाकण उघडणारच असाल तर प्रश्न मिटला, क्राऊनच्या कडेवर दातांचे आकडे कोरलेले असतात.

मग टायर. ही पायरी लोक सर्रास गाळतात. टायरवर आणि जमिनीवर खूण करा, गाडी बरोबर एक फेरा पुढे ढकला, अंतर इंचांत मोजा आणि ३.१४ ने भागा. हा झाला गाडीच्या वजनाखाली दबलेल्या टायरचा व्यास. कागदावरच्या मापापेक्षा तो थोडा कमी भरतो. माझ्या गाडीचं २३५/६०आर१५ टायर कागदावर २६.१ इंच आहे. पुढच्या सगळ्या हिशेबात मी २६ धरतो.

टायर किती फरक करतं? ४.१० चा एक्सल २६ इंची टायरऐवजी २७५/६०आर१५ वर, म्हणजे २८ इंचांवर चालवला, तर तो ३.८१ सारखा वागतो. त्यामुळे कोणी ‘मी फोर-टेनवर आरामात हायवेला जातो’ म्हणालं, की खाली वाकून आधी त्याचे टायर बघा. टायर बदलायचे असतील तर रेशोआधी बदला.

हायवेचा आरपीएम

आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे. सूत्र एकच आहे. ताशी मैल गुणिले एक्सलचा रेशो गुणिले वरच्या गिअरचा रेशो गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचांत. किलोमीटरमध्ये करायचं तर ३३६ च्या जागी २०९ घ्या.

माझं २६ इंची टायर, ताशी ७० मैल, आणि वरचा गिअर १:१ असलेली जुनी चार गिअरांची पेटी धरून आकडे असे येतात:

२.७३ – सुमारे २४७०
३.०८ – सुमारे २७९०
३.३१ – सुमारे २९९०
३.५५ – सुमारे ३२१०
३.७३ – सुमारे ३३७०
४.१० – सुमारे ३७१०
४.५६ – सुमारे ४१३०

जुन्या ऑटोमॅटिकमध्ये, म्हणजे टीएच-३५०, टीएच-४००, सी-६ किंवा टॉर्कफ्लाईट ७२७ मध्ये, टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी तेलातून जोर पुढे पाठवणारा भाग) लॉक होत नाही. थोडी घसर होतेच, तेव्हा वरच्या आकड्यांत ३ ते ५ टक्के मिळवा. मोठा स्टॉल असलेला, म्हणजे जास्त आरपीएमला पकड घेणारा, कन्व्हर्टर असेल तर त्याहून जास्त.

३७१० हा आकडा वाचायला फार वाटत नाही. पण तासाला ते इंजिनाचे सव्वादोन लाख फेरे होतात. आय-७५ ने मॅकिनॉच्या पुलाकडे निघालो की चार तास हाच आवाज. बायको दुसऱ्या वर्षी सरळ म्हणाली, ‘तू तुझी गाडी घेऊन ये, मी दुसऱ्या गाडीने येते.’

जुनेजाणते ‘आम्ही रोज फोर-टेनवर फिरायचो’ म्हणतात ते खोटं नसतं. १९७४ साली अमेरिकेत ताशी ५५ मैलांची देशव्यापी मर्यादा आली आणि बरीच वर्षं टिकली. ५५ ला ४.१० चं इंजिन साधारण २९१० वर चालतं, म्हणजे ७० ला ३.३१ चालतं त्याहूनही थोडं शांत. त्यांची आठवण खरी आहे. रस्ता बदलला आहे.

म्हणून निवडीची सुरुवात मी इथून करतो. महिन्यातून किती वेळ हायवेला जाता? किती वेगाने? किती आरपीएमपर्यंतचा आवाज सोसेल? ओव्हरड्राईव्ह (इंजिन शाफ्टपेक्षा हळू फिरेल असा, १ च्या खालचा वरचा गिअर) नसलेल्या आणि अधूनमधून हायवेला जाणाऱ्या गाडीसाठी मी ३२०० च्या आसपास रेघ मारेन. म्हणजे २६ इंची टायरवर ३.५५ पर्यंत. ३.७३ ही हौसेची हद्द. ४.१० फक्त शहरात आणि ड्रॅग शर्यतीच्या पट्टीवर पळणाऱ्या गाडीला.

पहिला गिअर काय म्हणतो

हायवेने वरची मर्यादा ठरवली, आता सिग्नलवरून सुटण्याचं बघू. पेटीचा पहिला गिअर गुणिले एक्सल, हा गुणाकार ९ ते १०.५ च्या दरम्यान आला तर रस्त्यावरची गाडी सुखाने सुटते. ८ च्या खाली क्लच भाजत सुटावं लागतं. ११.५ च्या वर पहिला गिअर नावापुरता उरतो. टाकला नाही तोच दुसरा.

जीएमच्या मन्सी एम-२० या चार गिअरांच्या पेटीचा पहिला गिअर २.५२. त्याला ३.३१ लावला तर ८.३४, ३.७३ लावला तर ९.४०, ४.१० लावला तर १०.३३. याच मन्सीची जवळच्या गिअरांची बहीण एम-२१, तिचा पहिला २.२०. तिच्यावर ३.३१ म्हणजे फक्त ७.२८, गाडी उठता उठत नाही, ४.१० लावला की ९.०२. म्हणजे ४.१० ची शिफारस करणाऱ्याकडे एम-२१ असेल आणि तुमच्याकडे एम-२०, तर त्याचा सल्ला तुमच्या कामाचा नाही. दोन्ही पेट्या बाहेरून सारख्याच दिसतात.

इंजिनाचा स्वभाव

माझ्या ३९६ चा (१९७० साली तो प्रत्यक्षात ४०२ घनइंचांचा होता) ३५० हॉर्सपॉवरचा आकडा ५२०० आरपीएमला येतो, पण ४१५ पाऊंड-फूट टॉर्क ३४०० लाच मिळतो. खालीच इतकी ओढ असलेल्या इंजिनाला मोठ्या रेशोची गरज मुळात कमी. दुसरीकडे १९६९ चा कॅमारो झी-२८ घ्या: ३०२ घनइंच, २९० हॉर्सपॉवर ५८०० ला, टॉर्क जेमतेम २९० आणि तोही ४२०० ला. तिला कारखान्यातूनच ३.७३ मिळायचा, कारण त्या इंजिनाला वर फिरत ठेवल्याशिवाय ते जागंच होत नाही.

कॅम (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) बदलला असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. मोठ्या कॅमचं इंजिन २००० च्या खाली गचके खातं. मग फार छोटा रेशोही त्रास देतो. हा मुद्दा ओव्हरड्राईव्हवाल्यांसाठी जास्त महत्त्वाचा.

पट्टीवर पाव मैलाची वेळ हवी असेल तर हिशेब उलटा मांडायचा. शेवटची रेघ ओलांडताना इंजिन कमाल ताकदीच्या आरपीएमवर किंवा किंचित वर असलं पाहिजे. समजा गाडी रेघेवर ताशी ९५ मैल गाठते, टायर २६ इंच. ३.३१ वर तेव्हा इंजिन ४०६० च्या आसपास असतं, म्हणजे ताकदीचा वरचा भाग वापरलाच नाही. ४.१० वर ५०३० येतं आणि ऑटोमॅटिकची घसर मिळवली की ५२८०. नेमकं जागेवर. या कामासाठी ४.१० उत्तमच आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. डेट्रॉईटच्या कंपन्याही मोठे रेशो अनेकदा शर्यतीच्या पॅकेजात देत. मस्टँग ४२८ कोब्रा जेटला ३.९१ किंवा ४.३० मागितला की ती ड्रॅग पॅकसह सुपर कोब्रा जेट होई. १९६९ च्या मध्यावर आलेल्या तीन कार्ब्युरेटरांच्या प्लिमथ रोड रनर आणि डॉज सुपर बी या गाड्यांना डाना ६० एक्सल आणि ४.१० असे.

ओव्हरड्राईव्ह असेल तर सगळं बदलतं

७००आर४ या ऑटोमॅटिक पेटीचा चौथा गिअर ०.७०, पहिला ३.०६. पाच गिअरांच्या ट्रेमेक टीकेएक्समध्ये एक प्रकार २.८७ पहिला आणि ०.६८ पाचवा असा मिळतो, तोच मी घेतला. ३.७३ गुणिले ०.६८ म्हणजे २.५४; ७० ला इंजिन जेमतेम २२९० वर. पहिल्या गिअरचा गुणाकार १०.७, माझ्या मर्यादेच्या किंचित वर, पण माझ्या बिग ब्लॉकला, म्हणजे मोठ्या व्ही-८ इंजिनाला, चालून जातो. दोन्ही टोकं सांभाळली गेली. बायकोही परत शेजारी बसायला लागली.

उलट चूकही होते. पेटी बदलून एक्सल ३.०८ चाच ठेवला, तर ०.६८ वर ७० ला इंजिन १९०० च्याही खाली जातं. मोठा कॅम असेल तर पाचवा गिअर वापरताच येणार नाही आणि इतका खर्च करून चौथ्यातच फिरावं लागेल. सहा गिअरांच्या टी-५६ चा सहावा तर ०.५० आहे, त्याला ४.१० लावला तरी ७० ला १८५० च येतात. अशा पेटीला मोठा रेशो चैन म्हणून नाही, गरज म्हणून लागतो.

आणखी एक अडचण कोणी आधी सांगत नाही. ओव्हरड्राईव्हने इंजिन शांत होतं, पण शाफ्टचा वेग एक्सल आणि टायर ठरवतात. ४.१० वर ७० ला शाफ्ट ३७१० नेच फिरत राहतो. पूर्वी इंजिनाच्या गोंगाटात दडलेली थरथर आता सीटखाली जाणवते. म्हणून रेशो वाढवताना शाफ्टचं बॅलन्सिंग आणि युनिव्हर्सल जॉइंट तपासून घ्या.

बदल करण्यालायक आहे का

नवा रेशो जुन्याने भागा. ३.३१ वरून ३.५५ म्हणजे ७ टक्के. इतक्यासाठी एक्सल उघडू नका, हातापायाला कळणारही नाही. ३.७३ म्हणजे जवळजवळ १३ टक्के, हे कळतं. ४.१० म्हणजे २४ टक्के, हे शेजाऱ्यांनाही कळतं.

मग कॅरियर, म्हणजे क्राऊन ज्यावर बोल्टने बसतो तो भाग, बघा. आकडा वाढतो तसं पिनियन बारीक होतं, त्यामुळे क्राऊनला त्याच्या जवळ सरकावं लागतं. कंपन्यांनी यासाठी वेगवेगळ्या मापाचे कॅरियर केले. शेवरलेटच्या १२ बोल्टच्या एक्सलमध्ये २.७३ आणि खालच्यांना एक, ३.०७ ते ३.७३ ला दुसरा, ३.९० आणि त्यावरच्यांना तिसरा. माझा ३.३१ चा कॅरियर होता, त्यावर ३.७३ सरळ बसतो, ४.१० साठी एकतर दुसरा कॅरियर किंवा मुद्दाम जाड केलेला क्राऊन घ्यावा लागतो. मी तेव्हा जाड क्राऊन घेतला होता. मधे चकती घालून भागवण्याचा स्वस्त मार्गही आहे. ताकदीच्या इंजिनाला मी तो सुचवणार नाही.

पिनियन बारीक म्हणजे दातही कमी आणि ताकदही कमी. ४.८८ च्या पिनियनला ३९ दातांच्या क्राऊनपुढे फक्त ८ दात असतात. चिकट टायर आणि क्लच सोडून उडी मारायची सवय असेल तर हे लक्षात ठेवा.

या बाबतीत फोर्डवाले आणि मोपारवाले (म्हणजे क्रायस्लरवाले) सुखी. फोर्ड ९ इंची आणि क्रायस्लर ८¾ इंची एक्सलचा आतला गोळा पुढून अख्खा बाहेर निघतो. एक रस्त्याचा आणि एक पट्टीचा असे दोन तयार ठेवून शनिवारी बदलणारे लोक आहेत. आम्हा जीएमवाल्यांना गाडीखाली झोपूनच सगळं करावं लागतं.

बसवताना

हे काम पहिल्यांदा स्वतः करू नका, पण समोर उभे राहा. डायल गेज आणि इंच-पाऊंडाचा टॉर्क रेंच नसलेल्या मेकॅनिकला गाडी देऊ नका. जुने बेअरिंग परत वापरू देऊ नका. क्राऊन-पिनियनच्या तुलनेत बेअरिंग स्वस्त पडतात.

१२ बोल्टमध्ये क्राऊनच्या बोल्टांचे आटे उलटे असतात. माहिती नसलेला माणूस ‘जाम झालेत’ म्हणत लांब पाइप लावतो आणि तोडतो. माझ्या पहिल्या वेळी असे दोन तुटले.

पिनियनची खोली शिमने, म्हणजे पातळ चकतीने, ठरते. १२ बोल्टमध्ये शिम पिनियनच्या डोक्यामागे बसतो, म्हणून शिम वाढवला की पिनियन क्राऊनच्या जवळ जातं. फोर्ड ९ इंचीत शिम बाहेरच्या सपोर्टखाली असतो, तिथे वाढवला की पिनियन लांब जातं. सवयीने एकाचा नियम दुसऱ्याला लावला की दिवस वाया. दातांमधला प्ले साधारण ०.००६ ते ०.०१० इंच ठेवतात, पण सेटसोबत येणाऱ्या कागदावर असेल तोच आकडा धरा. मग दातांना पिवळा लेप लावून फिरवा आणि छाप बघा. दाताच्या मुळाशी उमटला तर पिनियन फार आत आहे, टोकाशी उमटला तर फार बाहेर. मध्यावर येईपर्यंत उघड-जोड करायची. मेकॅनिकने छापाचा फोटो दाखवायला टाळाटाळ केली, तर पुढे गाडी ‘गुंइं’ करणार हे धरून चाला. ती गुणगुण तेल बदलून जात नाही.

स्पीडोमीटर

३.३१ वरून ३.७३ केलात आणि पेटीतला छोटा गिअर तसाच ठेवला, तर खरे ६० असताना काटा ६८ दाखवेल. या काळातल्या गाड्यांची केबल मैलाला १००० फेरे घेते. त्यामुळे पेटीतल्या शाफ्टवरच्या ड्राईव्ह गिअरचे दात गुणिले एक्सलचा रेशो गुणिले टायरचे मैलातले फेरे, भागिले १०००, इतक्या दातांचा प्लास्टिकचा गिअर लागतो. २६ इंची टायर मैलात ७७६ फेरे घेतं. ड्राईव्ह गिअर ८ दातांचा असेल तर ३.७३ ला उत्तर २३. हा भाग स्वस्त आहे आणि हातानेच बदलता येतो.

पहिले पाचशे मैल

नवे दात एकमेकांवर घासून बसताना भरपूर तापतात. सुरुवातीला जीएल-५ प्रतीचं साधं ८०डब्ल्यू-९० तेल घाला, सिंथेटिक नको. क्लचचं लिमिटेड स्लिप असेल तर त्यासोबत फ्रिक्शन मॉडिफायर. पंधरा-वीस मिनिटं मध्यम वेगाने चालवा, ॲक्सिलरेटर दाबून न ठेवता, मग गाडी पूर्ण थंड होऊ द्या. हे दोन-तीनदा करा. पाचशे मैल होईपर्यंत ट्रेलर ओढायचा नाही, पट्टीवर जायचं नाही आणि सिग्नलवर शेजारच्या मस्टँगकडे बघायचं नाही.

पाचशे मैलांना झाकण काढून तेल बदला. तळाला शिशाच्या रंगाची बारीक पूड असेल तर पुसून टाका, ती अपेक्षितच आहे. बोटाला टोचणारी कणी लागली, तर नवं तेल ओतण्याआधी छाप पुन्हा घ्या.